सव्वीस फूट दहा इंच

आमच्याकडं जुलै उजाडला की माणसं एकमेकांना ‘कसं काय, बरं आहे का’ असं विचारत नाहीत. ‘किती झालं?’ असं विचारतात. एसटीत, दूध डेअरीच्या रांगेत, दळणाच्या गिरणीत, मयताला जमलेल्या माणसांतसुद्धा. काय किती झालं हे सांगावं लागत नाही. पाणी. उत्तर फुटांत येतं, फुटांच्या मागं इंच येतात, आणि सांगणारा अशा ठसक्यात सांगतो की वाटावं, यानंच पहाटे उठून नदीला टेप लावला. मी बावीस वर्षं हे ऐकत आले. गेल्या वर्षापर्यंत त्यातल्या इंचांकडं मी कधी लक्ष दिलं नव्हतं.

आज सकाळी एसटीतून उतरले तर पानपट्टीवाल्यानं विचारलंच, “बाई, किती झालं?” मला आकडा माहीत होता. तरी तोंडातून शब्द निघेना. मी छत्री उघडण्याचं निमित्त केलं आणि शाळेकडं चालू लागले. त्याला वाटलं असेल, कांबळे बाईंना आज राग आलाय. राग मला नेहमीच आलेला असतो, त्यामुळं त्यानं मनावर घेतलं नसावं.

शाळा कोल्हापूरपासून एसटीनं पाऊण तासावर. नदीच्या अलीकडं गाव आणि शाळा, पलीकडं तीन वाड्या. मधे आपल्या कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा. उन्हाळ्यात त्याच्या दारांत लोखंडी बरगे घालून पाणी अडवायचं, पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढून नदीला मोकळं करायचं, आणि बारा महिने त्याच्या माथ्यावरून ये-जा करायची. माथा इतका अरुंद की समोरून बैलगाडी आली तर सायकल उचलून उभं राहावं लागतं. कठडा नाही. पुरात वाहून आलेले ओंडके अडकू नयेत म्हणून ठेवलेला नाही म्हणे. ओंडक्यांची काळजी कुणीतरी घेतली होती. आमची पलीकडची सात पोरं मात्र दर पावसाळ्यात अडकायची, कधी तिकडं, कधी इकडं.

अडकणं हा आमच्या पावसाळ्याचा मुख्य उद्योग आहे. बाहेरच्यांना पाऊस म्हटलं की हिरवं दिसतं. मला सादळलेला खडू आठवतो, जो फळ्यावर उमटतच नाही. व्हरांड्यात उघड्या ठेवलेल्या छत्र्या आठवतात, त्यांच्याखालून वाट काढत वर्गात शिरायचं. दप्तरांना येणारा ओल्या पोत्याचा वास, खिचडीच्या भांड्याभोवतीची वाफ, आणि तासभर एका लयीत पत्र्यावर पडणारं पाणी, ज्यात मी ओरडून शिकवलेलं बीजगणित पहिल्या बाकाच्या पुढं जात नाही. वर शाहूवाडीच्या डोंगरात पाऊस लागला की आमच्याकडं ऊन असलं तरी नदी चढते. पाणी चहाच्या रंगाचं होतं. मग कुठूनतरी एखादा भोपळा तरंगत येतो, कडब्याची पेंडी येते, आणि गाव बंधाऱ्यावर बघायला जमतं.

सुट्टीचा आदेश येतो तो पोरं शाळेत पोचल्यावर. आदेश आल्याशिवाय घंटा नाही, असा मुख्याध्यापकांचा बाणा. माणूस वाईट नाही, पण कागदाशिवाय त्यांचा हात हलत नाही. एकदा दुपारी आदेश आला तेव्हा बंधाऱ्यावर गुडघाभर पाणी होतं, आणि सातही पोरं कुणाकुणाच्या पडवीत वाटून ठेवावी लागली होती.

गेल्या वर्षी जूनमध्ये एक परिपत्रक आलं. सगळ्यांसाठी खुली असलेली माहिती वापरून विद्यार्थ्यांनी शाळेच्या रोजच्या अडचणी सोडवाव्यात, असा काहीसा उपक्रम होता. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी कपाळाला हात लावला, मी सर्वांत आधी. पण नववीच्या वर्गात वाचून दाखवलं तर शाहीन उठून उभी राहिली. शाहीन गवंडी. पलीकडच्या मधल्या वाडीची, दोन घट्ट वेण्यांची, आणि प्रश्न विचारताना भुवया जुळवणारी मुलगी. ती म्हणाली, “बाई, बंधारा कवा बुडतोय त्ये आधी कळलं तर?”

वर्ग हसला. नदीला विचारून ये जा, असं कुणीतरी म्हणालं. शाहीन हसली नाही.

नदीला विचारायची सोय होतीच. आमच्या वरच्या अंगाला एका बंधाऱ्यावर मोजपट्टी आहे. तिथली पातळी पावसाळ्यात रोज सकाळी आठला आणि दुपारी बाराला जाहीर होते, पाणी वाढलं की अधेमधेही. मागच्या वर्षांचे आकडेही कुणालाही बघता येतात. ते पत्रक फोनवर सगळं गाव बघतं आणि विसरतं. अडचण अशी की वरची पातळी किती झाल्यावर आमचा बंधारा बुडतो, याची नोंद कुणाकडंच नव्हती. गावातल्या दहा जणांना विचारलं तर दहा उत्तरं आली, त्यांतली चार भांडणात संपली.

ती नोंद शाहीननं शोधली, आणि कुठं शोधली हे आठवलं की अजून माझा ऊर भरून येतो. आमच्या जुन्या हजेरीपटांत. तिचं म्हणणं असं, की ज्या दिवशी पलीकडची सगळीच्या सगळी पोरं गैरहजर, त्या दिवशी बंधारा पाण्याखाली. एकटादुकटा गैरहजर असला तर ताप आला असेल, पण सगळी एकदम आजारी पडत नाहीत. आम्ही कपाटातून हजेरीपट काढले. वाळवीनं कडा खाल्लेले, काही माझ्याच अक्षरातले. त्यांतले ते ‘ग’ मी स्वतः लाल शाईनं काढले होते, पालकांना चिठ्ठ्या पाठवल्या होत्या, एकदोघांना अंगठे धरून उभं केलं होतं. आणि आता ही पोरगी त्याच लाल अक्षरांवर बोट ठेवून सांगत होती की हितं नदी आलती, बाई.

संगणकावर आकडे भरायचं काम प्रणालीकडं. ती गावातलीच, शाळेच्या मागच्या गल्लीतली, बोटं झरझर चालणारी. शाहीन वाचून सांगायची, प्रणाली टंकायची, मी खुर्चीवर बसून वह्या तपासायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रणाली म्हणाली, “बाई, सव्वीस पॉइंट दहा लिवलं की ह्यो सव्वीस पॉइंट एक करतोय. शून्य खातोय.”

मी वहीतून मान वर न करता सांगितलं, “जाऊ दे. दशांशात शेवटच्या शून्याला किंमत नसते. सहावीत शिकवलंय.”

हे वाक्य मी बावीस वर्षं शिकवत आले आहे. ते बरोबरच आहे. त्यात एका अक्षराची चूक नाही.

तक्ता पुरा झाला तेव्हा त्यात काही दिवस वेडेवाकडे दिसले. पाणी चढत चढत यायचं, एकदम खाली उतरल्यासारखं दिसायचं, आणि नेमकं त्याच दिवशी हजेरीपट म्हणायचा की बंधारा बंद. शाहीननं भुवया जुळवल्या. “बाई, पाणी कमी झालं तर बंद का ऱ्हाईल?” मी म्हटलं, नोंद करणाऱ्याच्या हातून चूक झाली असेल, असे दिवस काढून टाकायचे असतात. आम्ही ते काढून टाकले. तक्ता कसा सुरेख दिसू लागला. सव्वीस पॉइंट आठ. वर तेवढी पातळी झाली की तीनेक तासांत आमचा बंधारा बुडणार. त्याच्या आत असली तर रकाना हिरवा, वर गेली की लाल.

मुख्याध्यापक म्हणाले, सबंध शाळा सोडता येणार नाही, पण लाल दिसलं की तेवढी सात मुलं दुपारीच सोडा, तुमच्या जबाबदारीवर. मी तिथल्या तिथं सही केली.

मग राहिले शाहीनचे वडील. दस्तगीर मिस्त्री पंचक्रोशीत नाव असलेले गवंडी. आदल्या वर्षी शाहीन दोन दिवस अलीकडं अडकली होती, तेव्हापासून त्यांच्या घरात तिच्या शाळेवरून धुसफूस चालू होती. आजी म्हणायची बास झालं, चुलते म्हणायचे बास झालं. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा ते एका नव्या घराच्या भिंतीवर होते. खाली उतरले, म्हणाले, “बोला, बाई.” मी छापलेला तक्ता पुढं केला. त्यांनी हात मागं घेतले. हात वले हायत, तुम्हीच वाचा, म्हणाले.

मी वाचून दाखवलं. सव्वीस पॉइंट आठच्या आत असलं तर पोरगी संध्याकाळी चालत घरी येईल, वर गेलं तर दुपारीच सोडू. ते थापीवरचा माल बोटानं निपटत राहिले. मग म्हणाले, “सव्वीस पॉइंट आठ म्हंजी सव्वीस फूट आठ इंच, न्हवं?”

मी घाईत होते. एसटी चुकेल याची धास्ती होती. म्हटलं, “तेच ते.”

“मग हुं दे,” ते म्हणाले. “पर घरात मी सबुद देऊन बसणार, बाई. येकदा जरी पोरगी अडाकली, तर शाळा बंद.”

जुलैचे पहिले तीन आठवडे तक्ता देवासारखा चालला. दोनदा लाल झाला, दोनदा सात पोरं दुपारी गेली, दोनदा बंधारा संध्याकाळपर्यंत बुडला. वाडीतल्या बायका मला बाजारात हसून ‘काय बाई’ करू लागल्या. शाहीनच्या चालण्यात फरक पडला. रोज शाळा सुटली की ती स्टाफरूमच्या दारात डोकं घालून सांगायची, “मी जातो, बाई.” आमच्याकडच्या मुली ‘जाते’ म्हणत नाहीत, जातोच म्हणतात, मी पूर्वी सुधारायला जायची, मग सोडून दिलं. तो ‘मी जातो’ ऐकला की माझ्याही दिवसाला कडी लागायची.

आणि मग तो दिवस. सकाळी आठला पत्रकात सव्वीस पॉइंट चार. पलीकडची सहा पोरं आलीच नाहीत. त्यांच्या घरच्यांनी उंबऱ्यातून आभाळ बघितलं आणि ठरवलं. शाहीन एकटी आली. गणिताची घटक चाचणी होती, आणि रकाना हिरवा होता. दुपारी बाराला प्रणालीनं नवा आकडा भरला. रकाना हिरवाच राहिला. चारावरून एकवर आलेला.

“बघ,” मी म्हटलं, “उतरतंय.”

शाहीन खिडकीशी उभी होती. आमच्या शाळेमागून ओढा नदीला जातो. ती म्हणाली, “बाई, वड्याचं पाणी उलटं याय लागलंय.”

नदी फुगली की ओढ्यात पाणी मागं सरकतं. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. मीही वळून बघितलं असतं तर दिसलं असतं. वाहत्या फेसानं दिशा बदलली होती म्हणे. पण मी विचारलं, तक्ता काय म्हणतोय? ती म्हणाली, उतरतंय म्हणतोय. मग झालं तर, मी म्हटलं, आणि चाचणीच्या प्रश्नपत्रिका वाटायला घेतल्या. पंचवीस गुणांच्या त्या चाचणीत शाहीनला तेवीस पडले. ते पेपर मी नंतर तपासले, आणि तपासताना मला माझीच लाज वाटत होती.

संध्याकाळी ती स्टाफरूमच्या दारात येऊन ‘मी जातो’ म्हणून गेली. पंधरा-वीस मिनिटांनी परत दारात उभी. फ्रॉकची कड भिजलेली, दप्तर छातीशी धरलेलं.

“बाई,” ती म्हणाली, “जाता येईना.”

रडली नाही. मी दस्तगीर मिस्त्रींना फोन लावला. ते पलीकडच्या काठावर येऊन थांबले होते, पाण्याच्या आवाजात अर्धं बोलणं वाहून जात होतं. त्यांनी एवढंच विचारलं, पोरगी तुमच्याजवळ हाय न्हवं? हो म्हटलं. मग ठेवा, म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तासाभरात ओढ्याचं पाणी कोल्हापूरच्या रस्त्यावर आलं आणि मीही अडकले. प्रणालीच्या आईनं आम्हा दोघींना घरी नेलं. पुढचे तीन दिवस झोपायला त्यांच्याकडं आणि दिवसभर शाळेत, कारण खालच्या गल्लीची बिऱ्हाडं शाळेत हलवली होती आणि हाताला हात हवे होते. आठवीच्या फळ्यासमोर दोरीवर लुगडी वाळत होती. सायकलच्या शेडमध्ये म्हशी. मैदानावर पाणी, कबड्डीच्या रेघा त्याखाली. सगळं गाव चार भिंतींत कोंबल्यासारखं झालं होतं आणि सगळे एकमेकांना एकच विचारत होते, किती झालं. मला वाटायचं, आकडा कळून कुणाची सुटका होणार आहे? तरी मीही विचारत होते.

शाहीन रोज दुपारी रस्ता संपून जिथं पाणी सुरू होतं तिथपर्यंत जायची. पलीकडं एक काळी छत्री उभी असायची. मधे तो चहाच्या रंगाचा पसारा. हाक पोचत नव्हती, आणि दोघांनीही हात हलवलेला मी पाहिला नाही. थोडा वेळ उभं राहून दोघं आपापल्या बाजूला वळायचे. मी मागं दहा पावलांवर थांबायची. त्या पोरीची शाळा माझ्या एका सहीवर आणि दोन शब्दांवर उभी होती आणि ती माझ्या डोळ्यांसमोर बुडत होती. पाणी ओसरलं तरी ती वर येणार नव्हती, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

तिसऱ्या दिवशी वीज नव्हती, संगणक बंद. शाहीन संगणक खोलीत खिडकीशी बसून प्रणालीच्या आईच्या फोनवरचे आकडे एका कोऱ्या उत्तरपत्रिकेच्या पाठीवर उतरवत होती. मग कागद माझ्यापुढं सरकवला. सव्वीस पॉइंट नऊ, त्याखाली सव्वीस पॉइंट दहा, त्याखाली सव्वीस पॉइंट अकरा, आणि त्याखाली सत्तावीस पॉइंट शून्य.

“बाई, अकराच्या म्होरं बारा का येत न्हाय?”

मी आकड्यांवरून बोट फिरवलं.

“ह्यो पॉइंट न्हाय, बाई,” ती हळूच म्हणाली. “इंच हायत. अब्बांच्या टेपावर असंच असतंय. फुटात बारा इंच.”

दहा इंच. सव्वीस फूट दहा इंच. ते शून्य खाल्लं गेलं तेव्हा एक इंच राहिला, आणि नऊ इंचांचा पूर आमच्या तक्त्यातून मुकाट निघून गेला. आम्ही काढून टाकलेले ते वेडेवाकडे दिवस, ते सगळे दहा-अकरा इंचांचे दिवस होते. नोंद करणाऱ्यानं बरोबर लिहिलं होतं. सगळा जिल्हा तसंच लिहितो आणि सगळ्या जिल्ह्याला ते कळतं. ज्यानं जन्मात शाळा बघितली नाही त्याला कळतं. पानपट्टीवाल्याला कळतं. फक्त आमच्या खोलीत गणिताची बाई बसली होती, म्हणून कळलं नाही.

मी तिला म्हटलं, चूक माझी आहे. ती म्हणाली, व्हय. तिनं ते इतकं साधं म्हटलं की मला बरं वाटलं. त्या तीन दिवसांत बरं वाटलेली ती एकच वेळ.

चौथ्या दिवशी बंधाऱ्याचा माथा उघडा पडला. गाळानं माखलेला, कडेला उसाचा पाला आणि कुणाचीतरी चप्पल. दस्तगीर मिस्त्री सगळ्यांत आधी चालत आले. शाळेच्या पायरीवर त्यांनी पायांचा चिखल निपटला. या वेळी हात कोरडे होते. मी तक्ता आणि शाहीनचा कागद दोन्ही त्यांच्या हातात दिले आणि काय झालं ते सगळं सांगितलं, शून्यासकट. ते वाचत होते. अंगठा त्या दहावर येऊन थांबला.

“बाई, मी तुमास्नी इचारलंतं.”

“हो,” मी म्हटलं.

“आठ इंच म्हंजी व्हय, म्हणून.”

“हो.”

“तुम्ही म्हणाला तेच ते.” त्यांनी कागदाची घडी घातली. “तेच ते नसतंय, बाई.”

आवाज चढला नव्हता. भिंत ओळंब्यात नसली तर गवंडी जसं सांगतो तसं सांगितलं. मी हात जोडून म्हटलं, या वेळेपुरतं माफ करा, आता चूक सापडली आहे, पोरीनंच शोधली आहे, तिचं वर्ष घालवू नका. ते म्हणाले, वर्ष न्हाय घालवत. कागलला तिचा मामू हाय. तितनं शाळंला जायला मधी नदी न्हाय. मग म्हणाले, “म्याबी अडाकलोय, बाई. सबुद दिलाय. आता मागं येता येत न्हाय.”

मला त्या माणसाचा राग यायला हवा होता. आला नाही. घरात सगळ्यांपुढं त्यानं माझ्या शब्दावर आपला शब्द ठेवला होता. माझा ढासळला, त्याचा त्याला राखायचा होता.

शाळा सोडल्याचा दाखला मीच भरला. वर्गशिक्षिका मी. त्यात एक रकाना असतो, शाळा सोडण्याचे कारण. मी ‘पालकांच्या विनंतीवरून’ असं लिहिलं. सगळ्यांच्या दाखल्यावर तेच असतं. शाहीन टेबलाच्या कडेला उभी राहून वाचत होती.

“कारण बराबर न्हाय, बाई.”

मी विचारलं, काय लिहू?

“दहा इंच.”

मी लिहिलं नाही. दाखल्यावर एवढं खरं लिहायची सोय नसते. शिक्का मारला, फुंकर घालून शाई वाळवली आणि तिच्या हातात दिला. त्या दिवशी ती दारात डोकं घालून ‘मी जातो’ म्हणाली नाही. वडिलांच्या मागून सरळ पायऱ्या उतरली.

वर्षभर मला तो रकाना दिसत राहिला. दशांशाचा धडा आला की हात फळ्यावर थांबायचा. शेवटच्या शून्याला किंमत नसते, हे वाक्य मी आता म्हणते, पण त्यापुढं दहा मिनिटं बोलते, आणि पोरांना कळत नाही की बाई एवढ्याशा गोष्टीला एवढं पाल्हाळ का लावतात. तक्ता आम्ही नव्यानं केला. फुटांचा रकाना वेगळा, इंचांचा वेगळा, मधे टिंब नाही. काढून टाकलेले दिवस परत आत घेतले. ते परत आले तेव्हा दिसलं की त्यांतल्या काही दिवशी सकाळी सहाच इंच होते आणि तरी बंधारा बुडाला होता; मर्यादा दोन इंचांनी खाली सरकली. सव्वीस फूट सहा इंच.

या जूनमध्ये दस्तगीर मिस्त्री शाळेत आले. मागं एक लहान मुलगी, तशाच दोन घट्ट वेण्यांची. धाकटी, निलोफर. पाचवीत घालायची होती. मला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. ते मुख्याध्यापकांशी बोलले नाहीत, माझ्याशीच बोलले. अट एकच. पाण्याचा आकडा थोरली कागलहून कळवील आणि ती सांगेल तेव्हाच धाकटीला सोडायचं. घरात आता असा शब्द दिला होता. “तिच्या हातनं चुकत न्हाय,” ते म्हणाले, आणि माझ्याकडं न बघता अर्ज पुढं केला.

तेव्हापासून रोज साडेबाराच्या सुमाराला माझ्या फोनवर संदेश येतो. कागलची तिची शाळा सकाळची. घरी येऊन मामीच्या फोनवर पत्रक बघते आणि मला लिहून पाठवते, आकड्यात नाही, अक्षरात. ‘एकवीस फूट अकरा इंच.’ ‘तेवीस फूट दहा इंच.’ कधी कधी खाली एखादी ओळ. एकदा लिहिलं होतं, ‘हितं सगळं बरं हाय बाई. पर कुणी किती झालं म्हणून इचारत न्हाय.’ पोरगी सुरक्षित आहे, पाय भिजत नाहीत, आणि तिथल्या तिथं अडकून पडली आहे. तिला तिथं मीच नेऊन बसवलं आहे.

आज साडेबाराला फोन वाजला. ‘सव्वीस फूट सात इंच. चढतंय. सोडा बाई.’

जुन्या तक्त्यानं अजूनही हिरवं दाखवलं असतं. मी मुख्याध्यापकांच्या दारात गेले. त्यांनी मान वर केली, आदेश आलाय का, असं विचारायला तोंड उघडलं, आणि माझा चेहरा बघून मिटलं. सात पोरं घेऊन मी बंधाऱ्याकडं निघाले. निलोफरनं माझा हात धरला होता, दुसऱ्या हातात चपला. पाणी माथ्याखाली वीतभर राहिलं होतं, खांबांना आपटून घुमत होतं. पलीकडच्या टोकाला काळी छत्री उभी होती.

पोरं एकामागं एक माथ्यावरून गेली. निलोफर सगळ्यांत शेवटी. तिनं मागं वळून बघितलं नाही, बघू नको असं मीच सांगितलं होतं. ती छत्रीखाली शिरली तेव्हा मी सातवं बोट मिटलं.

तिकडून हाक आली. “बाई, किती झालं?”

सकाळी पानपट्टीवाल्यापुढं न निघालेला शब्द आता बेंबीच्या देठापासून निघाला. “सव्वीस फूट सात इंच.”

छत्री एकदा वर झाली, खाली आली, आणि वाडीच्या रस्त्याला लागली. मी अलीकडंच उभी राहिले. ओढ्याचं पाणी उलटं यायला लागलं होतं. या वेळी मी ते बघितलं. म्हणजे कोल्हापूरची एसटी आज जाणार नव्हती, प्रणालीच्या आईला पुन्हा त्रास. फोन हातात थरथरला.

‘पोचली का?’

ओल्या बोटांनी अक्षरं उमटत नव्हती. पदराला पुसून पुसून लिहिलं, पोचली.

मग एक ओळ आली.

‘बरं. मी जातो, बाई.’